मुहम्मद बिन तुघलक

मुहम्मद बिन तुघलक (जन्म: इ.स. १२९० च्या सुमारास. मृत्यू: २० मार्च, इ.स. १३५१, ठठ्ठ्याजवळ, सिंध) हा दिल्ली सल्तनतीच्या तुघलक घराण्यातील दुसरा सुलतान होता. त्याने इ.स. १३२५ ते १३५१ अशी सुमारे २६ वर्षे राज्य केले. देवगिरीचे दौलताबाद करून तेथे दुसरी राजधानी वसविणे, सांकेतिक नाणी पाडणे आणि दुआबात करवाढ करणे या निर्णयांमुळे तो विशेष प्रसिद्ध आहे. वारंगळच्या मोहिमेवरून आजारी अवस्थेत परतत असताना बीड येथे त्याचा एक दात पडला. तो दात समारंभपूर्वक पुरून त्यावर घुमट बांधण्यात आला, अशी नोंद फिरिश्ता या इतिहासकाराने केली आहे. बीड जिल्ह्यातील करजणी गावाच्या परिसरातील वास्तू हाच तो घुमट होय, असे मानले जाते.

पूर्वायुष्य

मुहम्मदाचे मूळ नाव फख्रुद्दीन मुहम्मद जौना. जौनाखान किंवा जुनाखान या नावानेही तो ओळखला जातो. त्याचे वडील गाझी मलिक हे खलजी सुलतानांच्या सेवेतील पराक्रमी सरदार होते. मंगोल टोळ्यांच्या स्वाऱ्या परतवून लावण्यात त्यांनी नाव मिळविले होते. इ.स. १३२० मध्ये ते गियासुद्दीन तुघलक या नावाने दिल्लीच्या गादीवर बसले आणि जौनाखानास उलुघखान हा किताब मिळाला. त्याची आई मखदूमा-इ-जहाँ या नावाने प्रसिद्ध होती. दानधर्माबद्दल तिचा लौकिक होता.

जौनाखानाचे शिक्षण त्या काळाच्या मानाने फार विस्तृत झाले होते. अरबी व फार्सी या भाषा, तर्कशास्त्र, तत्त्वज्ञान, गणित, खगोलशास्त्र आणि वैद्यक या विषयांत त्याची गती होती. त्याचे हस्ताक्षर सुंदर होते, स्मरणशक्ती असामान्य होती आणि वादविवादात त्याच्यापुढे टिकणे विद्वानांनाही कठीण जाई. साद हा तर्कशास्त्री आणि उबैद हा कवी यांच्या सहवासामुळे त्याचे मन बुद्धिवादाकडे झुकले, अशी तक्रार झियाउद्दीन बरनी याने आपल्या इतिहासग्रंथात केली आहे.

दक्षिणेशी त्याचा संबंध राजपुत्र असतानाच आला. इ.स. १३२१-२२ मधील वारंगळची पहिली मोहीम छावणीतील अफवा व फितुरी यांमुळे फसली आणि त्याला देवगिरीस माघार घ्यावी लागली. इ.स. १३२३ मध्ये त्याने पुन्हा चाल केली, वाटेत बीदर घेतले आणि वारंगळचा किल्ला जिंकला. काकतीय राजा प्रतापरुद्र कैद झाला व वारंगळचे नाव सुलतानपूर असे ठेवण्यात आले. याच वारंगळातून १२ वर्षांनी त्याला आजारी होऊन परतावे लागले.

राज्यारोहण

इ.स. १३२५ च्या प्रारंभी गियासुद्दीन बंगालच्या मोहिमेवरून परत आला. दिल्लीजवळ अफगाणपूर येथे त्याच्या स्वागतासाठी उभारलेला लाकडी मंडप कोसळून त्यात त्याचा मृत्यू झाला. बरनीने या घटनेचे कारण वीज पडणे असे दिले आहे. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याने मात्र मंडपाच्या रचनेतच कट होता असे लिहिले आहे. इब्न बतूता या घटनेनंतर आठ वर्षांनी भारतात आला. त्यामुळे त्याचे कथन ऐकीव माहितीवर आधारलेले आहे. पित्याच्या मृत्यूचा संशय मुहम्मदाच्या नावाला कायमचा चिकटला.

दख्खन आणि दौलताबाद

सुलतान झाल्यावर एक-दोन वर्षांतच दक्षिणेत बहाउद्दीन गुर्शास्प या त्याच्या आतेभावाने सागर (सध्या कर्नाटकातील यादगीर जिल्हा) येथे बंड केले. त्याला आश्रय देणाऱ्या कंपिलीच्या राज्याचा इ.स. १३२७ मध्ये पाडाव झाला. पकडलेल्या गुर्शास्पला अत्यंत क्रूर रीतीने, कातडी सोलून, ठार मारण्यात आले. बंडखोरांना जरब बसावी म्हणून दिलेल्या अशा शिक्षा या कारकिर्दीचे वैशिष्ट्य ठरल्या. याच सुमारास सुलतानाने कोंढाणा (सिंहगड) किल्ल्यास वेढा घातला. तेथील कोळी नायक नागनायक याने सुमारे आठ महिने किल्ला लढविला आणि अन्नसाठा संपल्यावरच तो सुलतानाच्या हवाली केला.

या मोहिमांच्या काळातच सुलतानाने देवगिरीस दौलताबाद हे नाव देऊन ती राजधानी म्हणून निवडली. दिल्लीहून दक्षिणेवर हुकमत ठेवणे अवघड होते. राज्याच्या मध्यभागी आणि मंगोल स्वाऱ्यांच्या टप्प्याबाहेर असलेला हा बेलाग किल्ला त्याला सोयीचा वाटला. दिल्ली ते दौलताबाद हा सुमारे ४० दिवसांचा रस्ता होता. त्यावर झाडे लावण्यात आली, मुक्कामाच्या जागा बांधण्यात आल्या आणि टपालाची चौकी-व्यवस्था उभारण्यात आली.

दिल्लीतील यच्चयावत माणसांना हाकलून नेऊन शहर ओसाड केले, असे चित्र बरनी, इसामी व इब्न बतूता यांच्या लेखनातून उभे राहते. मात्र दिल्ली परिसरातील नारायणा येथील इ.स. १३२७ चा आणि सरबन येथील इ.स. १३२८ चा असे दोन संस्कृत शिलालेख उपलब्ध आहेत. या काळातही तेथील सामान्य रहिवाशांचे व्यवहार चालू होते, असे त्यांवरून दिसते. दिल्लीतील टांकसाळही बंद पडली नव्हती. त्यामुळे स्थलांतराची सक्ती प्रामुख्याने सरदार, अधिकारी, उलेमा, सूफी आणि त्यांचा परिवार यांच्यावर झाली, असे बहुतेक आधुनिक इतिहासकार मानतात. ज्यांच्यावर सक्ती झाली त्यांचे हाल मात्र खरे होते. इसामीचे ९० वर्षांचे आजोबा दिल्ली सोडल्यावर पहिल्याच टप्प्यात, तिलपत येथे, मरण पावले.

या स्थलांतराने दख्खनच्या सांस्कृतिक जीवनाला वेगळे वळण मिळाले. सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब हे दौलताबादेस आले आणि त्यांच्यामुळे खुलताबाद हे दक्षिणेतील सूफी परंपरेचे मोठे केंद्र बनले. फार्सी कवी अमीर हसन सिजझी यांचाही अंत दौलताबादेत झाला. बीड येथील शहिंशाहवली यांचे आगमनही याच सुलतानाच्या कारकिर्दीत झाले असे मानतात.

सांकेतिक नाणी आणि करवाढ

इ.स. १३२९-३० मध्ये सुलतानाने चांदीच्या टंक्याच्या मोलाने चालणारी तांब्या-पितळेची नाणी काढली. चीनमध्ये कागदी चलन यशस्वीपणे चालत होते, तर इराणात इ.स. १२९४ मध्ये तसा प्रयोग फसला होता. सुलतानासमोर ही दोन्ही उदाहरणे होती. चांदीची टंचाई असताना ही कल्पना आर्थिकदृष्ट्या चुकीची नव्हती. पण नाण्यांची नक्कल रोखण्याची काहीही व्यवस्था नसल्याने घरोघरी खोटी नाणी पडू लागली. तीनेक वर्षांत सुलतानाने हा प्रयोग मागे घेतला आणि सांकेतिक नाणी खजिन्यात घेऊन त्यांच्या बदल्यात चांदी-सोने दिले. तुघलकाबादेत परत आलेल्या नाण्यांचे ढीग साचले. प्रजेचे नुकसान टळले, पण खजिन्याला मोठे खिंडार पडले.

गंगा-यमुनेच्या दुआबात सुलतानाने करवाढ केली आणि त्याच काळात पाऊस कमी झाला. वसुलीच्या जाचाने शेतकरी गावे सोडून पळाले. पुढे काही वर्षे दिल्ली व दुआब परिसरात भीषण दुष्काळ पडला. तेव्हा सुलतानाने धान्यवाटप केले, विहिरींसाठी व बियाण्यासाठी तगाई दिली, शेतीसाठी दिवान-इ-कोही हे स्वतंत्र खाते उघडले आणि कनोजजवळ गंगाकाठी स्वर्गद्वारी नावाची छावणी वसवून काही काळ दरबार तेथे हलविला. योजना चांगली आणि अंमलबजावणी ढिसाळ, हा या कारकिर्दीतील नेहमीचा अनुभव येथेही आला.

वैद्यकाची आवड

मुहम्मदास वैद्यकात विशेष रस होता. असाधारण लक्षणे असलेला रोगी आढळला की तो स्वतः त्याची पाहणी करी, उपचार सुचवी आणि हकिमांशी चर्चा करी, असे फिरिश्ता सांगतो. दमास्कसचा लेखक अल-उमरी याने दिल्लीत ७० रुग्णालये आणि सुलतानाच्या सेवेत १,२०० वैद्य असल्याचे लिहिले आहे. अल-उमरी स्वतः भारतात आला नव्हता आणि हे आकडे प्रवाशांच्या सांगण्यावरून दिलेले आहेत. तरीही दरबारातील वैद्यकाच्या प्रतिष्ठेची कल्पना त्यांवरून येते.

या आवडीचे एक फळ मराठवाड्याच्या भूमीत निपजले. इ.स. १३२९ च्या सुमारास झिया मुहम्मद याने दौलताबाद येथे मजमूआ-इ-झियाई हा फार्सी वैद्यकग्रंथ रचला. अरबी-इराणी वैद्यकाबरोबरच भारतीय वैद्य व योगी यांच्या औषधयोगांचा त्यात समावेश आहे. दोन वैद्यकपरंपरा एकत्र आणणाऱ्या भारतातील आरंभीच्या फार्सी ग्रंथांत त्याची गणना होते.

त्या काळात दात, हिरड्या आणि जबडा यांच्या विकारांचा विचार दोन्ही परंपरांत एकत्रच होत असे. युनानी हकीम डोक्यातून खाली उतरणारा नजला हा दात सैल होण्याचे एक कारण मानीत आणि सिरका, लवंग, अक्कलकारा यांचा उपयोग करीत. सुश्रुतसंहितेत दातांच्या रोगांमध्येच हनुमोक्ष, म्हणजे जबड्याचा सांधा निखळणे, हा विकार गणला आहे. आमवाताची लक्षणे माधवनिदानात आली आहेत. जबड्याच्या सांध्याचे दुखणे दातदुखीसारखे भासू शकते, हे आजचे वैद्यकही मान्य करते. सुलतानाच्या बाबतीत मात्र फिरिश्ता दातदुखीचा आणि दात पडल्याचा स्पष्ट उल्लेख करतो.

वारंगळची मोहीम आणि आजार

इ.स. १३३४ च्या सुमारास दक्षिणेतील माबार (मदुराई) प्रांताचा अधिकारी जलालुद्दीन अहसन याने स्वातंत्र्य पुकारले. त्याचे बंड मोडण्यासाठी सुलतान स्वतः निघाला. दौलताबादेस येऊन त्याने सैन्याच्या खर्चासाठी मराठा प्रदेशावर कराचा जबर बोजा टाकला आणि तेथून तो वारंगळला पोहोचला. तेथे छावणीत साथीचा रोग पसरला. अनेक सरदार व असंख्य सैनिक दगावले आणि सुलतानही आजारी पडला.

मोहीम पुढे नेणे अशक्य झाले. वारंगळचा कारभार मलिक मकबूल याच्याकडे सोपवून सुलतान माघारी वळला. त्याच्या मृत्यूची अफवा सर्वत्र पसरली. ती खरी मानून दौलताबादेतील मलिक हुशंग हा सरदार कोकणच्या बाजूला एका हिंदू राजाच्या आश्रयास पळून गेला. सुलतान जिवंत असल्याचे कळल्यावर त्याचा प्रश्न वाटाघाटीने मिटला. माबार मात्र दिल्लीच्या हातून कायमचे गेले. काही वर्षांतच वारंगळही स्वतंत्र झाले आणि तुंगभद्रेकाठी विजयनगरचे राज्य उभे राहिले. दक्षिणेतील दिल्लीच्या सत्तेला उतरती कळा लागली ती या आजारी परतीच्या प्रवासापासून.

बीड येथील दंतसमाधी

वारंगळहून दौलताबादेकडे येताना सुलतानाचा मुक्काम बालाघाटच्या डोंगररांगांच्या पायथ्याशी, बिंदुसरा नदीकाठच्या बीड येथे पडला. येथे त्याला दातदुखीचा त्रास झाला आणि त्याचा एक दात पडला. तो दात थाटामाटाने पुरण्याचा व त्यावर घुमट उभारण्याचा हुकूम त्याने दिला, असे फिरिश्ताने नमूद केले आहे. बीडहून सुलतान गोदावरीकाठच्या पैठण येथे गेला आणि प्रकृती सुधारेपर्यंत तेथे उपचार घेत राहिला. पैठणच्या मुक्कामात त्याने शिहाब सुलतान याला नुसरतखान हा किताब देऊन बीदरचा कारभार सांगितला. दौलताबाद व मराठा प्रदेशाची जबाबदारी त्याने आपला शिक्षक कुतलुघखान याच्याकडे दिली.

या घटनेचे वर्ष फिरिश्ताच्या आधारे इ.स. १३४१ असे दिले जाते आणि बीडच्या स्थानिक इतिहासात तेच रूढ आहे. माबारचे बंड, वारंगळची साथ आणि दिल्लीतील घडामोडी यांचा क्रम लावला असता ही परतीची वाट इ.स. १३३५ च्या सुमाराची ठरते. त्यामुळे आधुनिक इतिहासकार सामान्यतः तो काळ स्वीकारतात. त्या हिशेबाने सुलतानाचे वय तेव्हा पंचेचाळिशीच्या आसपास होते.

करजणी हे गाव बीड शहराच्या आग्नेयेस आहे. त्याच्या परिसरातील घुमट ही सुलतानाच्या दाताची कबर म्हणून दाखविली जाते. बीड या नावाचा संबंधही स्थानिक परंपरा याच सुलतानाशी जोडते. प्राचीन काळी चंपावतीनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावी जमिनीत थोड्या खोलीवर पाणी लागते हे पाहून त्याने, किंवा त्याच्या सरदाराने, विहीर या अर्थाच्या अरबी शब्दावरून त्यास बीर हे नाव दिले, असे सांगतात. जुन्या कागदपत्रांत आणि निजामी राजवटीत गावाचे नाव बीर असेच येते.

घटनेचा अर्थ

दाताची कबर हा सुलतानाच्या विक्षिप्तपणाचा पुरावा म्हणून वारंवार सांगितला जातो. या समजाची छाननी करताना काही गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. कापलेली नखे, केस आणि पडलेले दात हे मानवी देहाचे अंश असल्याने ते इतस्ततः न टाकता मातीत पुरावेत, असे इस्लामी धर्मशास्त्रात इष्ट मानले आहे. बरनीसारखा टीकाकारही सुलतानाचे नमाज-रोजे यांतील काटेकोर वर्तन मान्य करतो. तेव्हा दात पुरण्यात धर्माचाराला सोडून काही नव्हते. वेगळेपण होते ते समारंभात आणि त्यावर बांधलेल्या वास्तूत.

त्या समारंभाची वेळही महत्त्वाची आहे. सैन्य रोगाने खंगलेले होते, सुलतान मेला अशी अफवा वाऱ्यासारखी पसरली होती आणि तिच्यामुळे एक सरदार पळूनही गेला होता. अशा वेळी राजाच्या देहाच्या एका अंशासाठी जाहीर समारंभ झाला, म्हणजे राजा जिवंत आहे आणि हुकूम देत आहे, हे सर्वांना दिसले असणार. हा हेतू कोणत्याही समकालीन लेखकाने सांगितलेला नाही. परंतु घटनाक्रम पाहता केवळ लहर हे स्पष्टीकरण अपुरे पडते. दुसऱ्या बाजूने पाहता, ज्या प्रदेशावर नुकताच जबर कर बसविला होता त्याच प्रदेशात, साथीने माणसे मरत असताना, एका दातासाठी घुमट बांधण्याचा खर्च प्रजेला कसा वाटला असेल, हा प्रश्नही उरतोच. रोगराईत मेलेल्या सैनिकांपैकी कोणाचीही अशी खूण मागे राहिलेली नाही.

याच परतीच्या प्रवासात सुलतानाने आणखी एक निर्णय घेतला. दौलताबादेत आणलेल्या दिल्लीकरांपैकी ज्यांना परत जायचे असेल त्यांना त्याने तशी मोकळीक दिली. पुष्कळ लोक त्याच्या मागोमाग निघाले, तर मराठा मुलूख मानवलेले कित्येक येथेच राहिले. परतीच्या वाटेवर माळव्यात दुष्काळ होता आणि रस्त्यावरील टपालचौक्या उठून गेल्या होत्या.

उत्तरकाल आणि दख्खनचा वियोग

इ.स. १३३३ मध्ये भारतात आलेल्या इब्न बतूतास सुलतानाने दिल्लीचा काझी नेमले आणि इ.स. १३४२ मध्ये चीनकडे वकील म्हणून पाठविले. आपल्या सत्तेला धर्ममान्यता मिळावी म्हणून सुलतानाने कैरो येथील अब्बासी खलिफाशी संधान बांधले. इ.स. १३४४ मध्ये खलिफाकडून त्याला मान्यतापत्र व मानाचा पोशाख मिळाला. दुसरीकडे जैन आचार्य जिनप्रभसूरी यांचा त्याने सन्मान केला आणि हिंदूंना अधिकारपदे दिली. कर्मठ लेखकांचा त्याच्यावरील राग काही अंशी यामुळेही होता.

इ.स. १३४५ मध्ये त्याने लोकप्रिय कुतलुघखानास दौलताबादेहून परत बोलावले. ही त्याची मोठी चूक ठरली. नव्या अधिकाऱ्यांच्या धाकाने बिथरलेल्या अमीरान-इ-सदा या स्थानिक अंमलदारांनी बंड करून दौलताबाद घेतले आणि इस्माईल मुख यास सुलतान केले. मुहम्मदाने येऊन त्यांचा पराभव केला व किल्ल्यास वेढा दिला. परंतु गुजरातेत तघी नावाच्या गुलामाने बंड केल्याची बातमी आल्याने त्याला वेढ्याची जबाबदारी इतरांवर टाकून तिकडे जावे लागले. ३ ऑगस्ट, इ.स. १३४७ रोजी हसन गंगू याने अलाउद्दीन बहमनशाह या नावाने दौलताबादेस राज्याभिषेक करून घेतला आणि बहमनी राज्याची स्थापना झाली. बीडचा प्रदेशही बहमनी सत्तेखाली गेला. सुलतानाला दख्खनेत पुन्हा पाऊल ठेवता आले नाही.

अखेरचा आजार आणि मृत्यू

तघीचा पाठलाग करीत सुलतान गुजरात-सौराष्ट्रात तीन वर्षे फिरत राहिला. गोंडल येथे तो तापाने आजारी पडला व काही काळ तेथेच थांबला. बरे वाटल्यावर सिंधमध्ये पळालेल्या तघीस पकडण्यासाठी त्याने सिंधू नदी ओलांडली. ठठ्ठ्याच्या जवळ असताना मोहरमच्या दहाव्या दिवशी त्याने उपवास केला आणि तो सोडताना मासे खाल्ले. त्यानंतर ताप उलटला. थोड्याच दिवसांत, २० मार्च, इ.स. १३५१ रोजी, छावणीतच त्याचा मृत्यू झाला. वैद्यकाचा जाणकार असलेल्या आणि शेकडो हकीम पदरी बाळगणाऱ्या या सुलतानाच्या आयुष्यातील दोन निर्णायक मोहिमा आजारानेच थांबविल्या.

त्याच्यामागून त्याचा चुलतभाऊ फिरोजशाह गादीवर बसला. मुहम्मदाने ज्यांना ठार मारले किंवा ज्यांचे अवयव तोडले, त्यांच्या वारसांना अथवा त्या व्यक्तींना भरपाई देऊन फिरोजशाहाने त्यांच्याकडून क्षमापत्रे लिहून घेतली. ती साक्षीसह एका पेटीत घालून त्याने मुहम्मदाच्या कबरीच्या उशाशी ठेवविली. या सुलतानाच्या शिक्षांची व्याप्ती त्याच्या स्वतःच्या घराण्यालाही मान्य होती, हे यावरून दिसते.

साधने आणि मूल्यमापन

मुहम्मदाच्या कारकिर्दीची माहिती देणाऱ्या प्रत्येक लेखकाची भूमिका वेगळी आहे. बरनी १७ वर्षे त्याच्या दरबारात होता, पण पुढच्या राजवटीत पदभ्रष्ट व दरिद्री अवस्थेत त्याने आपला ग्रंथ इ.स. १३५७ मध्ये पूर्ण केला. इसामीने इ.स. १३५० मध्ये आपले काव्य रचले ते बहमनी सुलतानाच्या, म्हणजे मुहम्मदाविरुद्ध बंड करणाऱ्याच्या, आश्रयाने. इब्न बतूता परदेशात परतल्यावर आठवणीतून बोलला. दंतसमाधीची हकीकत सांगणारा फिरिश्ता तर विजापूरच्या आदिलशाही दरबारातला, म्हणजे अडीच शतकांहून अधिक काळानंतरचा आहे. दख्खनमध्ये राहून लिहिल्याने त्याला स्थानिक परंपरा ठाऊक असण्याचा संभव आहे. मात्र समकालीन साक्षीचे वजन त्याच्या कथनास देता येत नाही.

एकोणिसाव्या शतकातील काही ब्रिटिश इतिहासकारांनी मुहम्मदाच्या बुद्धीत वेडाची झाक पाहिली आणि पाठ्यपुस्तकांतून तेच मत रुजले. विसाव्या शतकात आगा महदी हुसेन यांच्यासारख्या अभ्यासकांनी नाणी, शिलालेख व अरबी साधने यांच्या आधारे त्याचे पुनर्मूल्यांकन केले. त्याच्या योजनांमागे विचार होता, परंतु त्या राबविण्याइतका धीर आणि प्रजेच्या सोसण्याच्या मर्यादेची जाण त्याच्याजवळ नव्हती, या निष्कर्षाकडे आजचा अभ्यास झुकतो.

मराठी भाषेत आणि साहित्यात

अविचारी व लहरी कारभाराला मराठीत तुघलकी कारभार म्हणतात. तुघलकी फर्मान हा शब्दप्रयोग वृत्तपत्रांच्या भाषेत नेहमीचा आहे. ज्या प्रदेशाने त्याची राजधानी पाहिली, त्याचा कर सोसला आणि त्याचा आजारही पाहिला, त्या प्रदेशाच्या भाषेत हे शब्द रूढ व्हावेत हे स्वाभाविक आहे. गिरीश कर्नाड यांनी इ.स. १९६४ मध्ये तुघलक हे कन्नड नाटक लिहिले. त्याचा मराठी अनुवाद विजय तेंडुलकर यांनी केला. दौलताबादचा किल्ला पाहण्यासाठी देशविदेशांतून पर्यटक येतात. त्या मानाने करजणीचा घुमट जिल्ह्याबाहेर फारसा परिचित नाही. वारंगळच्या साथीतून वाचलेल्या आणि दक्षिण गमावण्याच्या वाटेवर असलेल्या सुलतानाची बीड जिल्ह्यातील खूण म्हणून त्याचे ऐतिहासिक महत्त्व आहे.